पाटीवरचा शब्द

"मग बाबा, पाटीवर काय लिहायचं? हेड, बॉस, की लीडर?"

मठात आमची पंगत बसली होती. विचारणारा विमलनाथ नुकताच गादीवर आला होता. परदेशी पाहुणे यायचे होते, म्हणून त्याला नावाखाली इंग्रजी हुद्दा हवा होता. पेंटर रंगाचा डबा घेऊन दारात ताटकळत उभा होता.

गादी सोपवून मोकळे झालेले केशरनाथबाबा भाकरी कुसकरत होते.

"तिन्हींत फरक काय?"

"हेड वरून नेमलेला असतो. बॉसचं ऐकलं नाही तर धडगत नसते, म्हणून लोक ऐकतात. आणि लीडर... त्याला सांगावंच लागत नाही. लोक आपणहून मागे येतात."

शिकलेला होता. असले फरक त्याला तोंडपाठ.

"मग तू कोण?"

"आपल्या तोंडानं काय सांगू?" विमलनाथ हसला. "बघाच."

पाण्याचा घोट घेऊन तो उठला.

या मठाची रीत अशी, की गादीवरचा उठला की पंगत उठते; मग कुणाच्या हातात घास का असेना. केशरनाथ गादीवर होते तेव्हा शेवटचा घास हातात धरून बसून राहायचे. पंगतीच्या टोकाला बसणाऱ्या भिवाबाबांच्या तोंडात दात नाहीत. आमटीत भिजवलेली भाकरी त्यांच्या घशाखाली उतरेपर्यंत केशरनाथांचा घास काही तोंडात जायचा नाही. विमलनाथला इतकी वर्षं वाटत आलं, म्हातारा फार रेंगाळत जेवतो.

पंगत उठली. भिवाबाबा काल अर्धपोटी उठले होते, आजही उठले. केशरनाथही उठले.

"पाहिलंत? एक शब्द बोलावा लागला नाही. लीडर!"

"भिवाचं पान पाहिलंस?"

विमलनाथने पाहिलं. भाकरी नुकती कुठे भिजली होती. त्याचा चेहरा उतरला, एवढं मात्र खरं.

"ज्यांना भूक आहे त्यांनी बसून जेवा," तो म्हणाला.

कुणी हललं नाही. भिवाबाबांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग पानाकडे... आणि उष्टा हात धोतराला पुसला.

"अहो, बसा ना."

"बसा म्हणतो ना!"

सगळे धपकन बसले. पोट भरलेलेही बसले. दारातला पेंटरसुद्धा डबा ठेवून उंबऱ्यावर बसला. केशरनाथही बसले.

पानाला हात मात्र कुणी लावला नाही. सगळे त्याच्याकडे बघत राहिले.

विमलनाथ एकटाच उभा होता. वाईट वाटावं असा दिसत होता, पण मला वाईट वाटलं ते भिवाबाबांचं.

"बाबा..." तो हळूच म्हणाला. "पाटीवर काय लिहू?"

केशरनाथांनी मान वर केली नाही.

"कुठलाही शब्द लिही. तुला गादी देताना मीही यांना विचारलं नव्हतं."