पायलीच्या तळाची चकती

एका खोऱ्यात सात गावं होती, आणि मधल्या गावात भिवा मापारी, त्याची बायको राही नि त्यांची लहानगी पोर राहत होती. भिवाच्या लाकडी पायलीने धान्य मोजलं, की कुणी शंका घेत नसे. शेतंसुद्धा पायलीनेच ओळखली जायची: हे दोन पायली बियाचं, ते चार पायली बियाचं.

एका साली पीक कमी आलं. पाटील म्हणाला, "भिवा, माणसं धीर सोडतील. काहीतरी कर बाबा."

भिवाने गुपचूप पायलीच्या तळाशी लाकडाची चकती ठोकली. झालं! तीच रास, पण पायल्या जास्त भरल्या. गाव हरखलं. 'जास्तीचं' धान्य घाटाखाली विकून लोकांनी लग्नं दणक्यात लावली. पुढे कुणी कुरकुरलं, की भिवा आणखी एक चकती ठोकायचा. बाकीच्या गावांचे मापारी विचारायला आले, तेव्हा त्याने मिशीला पीळ देत त्यांनाही युक्ती सांगितली.

"अहो, पायलीच्या भाकऱ्या हल्ली कमी का होतात?" राहीने विचारलं.

"तुझा हात मोठा झालाय," भिवा हसला.

पेरण्या झाल्या, पाऊसही झाला. भिवा शेतावर गेला आणि बांधावरून पाहू लागला. एक रोप इथे, दुसरं पार तिकडे, मधे नुसती माती! बी पायलीने मोजूनच टाकलं होतं. पण पायली त्याचीच, चकत्यांनी उथळ झालेली. शेजारचं शिवार तसंच. पलीकडच्या गावांचीही तीच गत. उसनं मागायला एक दार उरलं नव्हतं.

ज्वारीच्या पेरणीआधी पाटील पुन्हा आला. "अजून एक ठोक रे! बी पुरतंय असं तरी वाटेल."

भिवाने आत पाहिलं. राही पोरीला अर्धी भाकरी वाढत होती. स्वतःसाठी तिने ताटच घेतलं नव्हतं.

तो उठला. चावडीवर सगळ्यांदेखत त्याने चकत्या उपटल्या. घराघरातलं बी आणवून पुन्हा मोजलं, तर प्रत्येकाचं बी निम्मं! बायांनी तोंडाला पदर लावले.

"मेल्या, आमच्या पोरांचा घास खाल्लास!" एका म्हाताऱ्याने ढेकूळ हाणलं. पाटलाने पायली काढून घेतली.

पण आता खरं कळलं होतं. लोकांनी निम्मंच रान पेरलं, पण दाट पेरलं. बाकीच्या गावांनीही चकत्या काढल्या. थंडीत ज्वारी डोक्याच्या वर गेली.

खळ्यावर रास पडली, तेव्हा तोच म्हातारा पाटलाकडून पायली घेऊन भिवाच्या दारी आला. "ऊठ मापाऱ्या. आता तूच मोज." भिवाने खळ्यावर पहिली पायली शिगोशीग भरली, ती म्हाताऱ्याने राहीच्या पदरात ओतली.

त्या दिवशी राहीने स्वतःसाठीही ताट घेतलं.

तात्पर्य: माप लहान केल्याने रास वाढत नाही, आणि ज्याच्या मापावर सगळे विसंबतात, त्याची लबाडी सगळ्यांच्या ताटात उतरते.