पहारेकऱ्याची चिठ्ठी

एका गावात सुमेधा नावाची एक बाई होती. गावच्या वेशीची किल्ली तिच्याकडे असे. गाव मोठं गमतीचं. ते कुठल्या नकाशावर नव्हतं, तिथे एसटी जात नव्हती, आणि तरी दिवेलागण झाली की ते भरून जायचं. कुणी उदगीरहून यायचं, कुणी मालवणहून, एकजण तर थेट जर्मनीहून. आपापल्या घरी संगणक उघडला की माणूस गावात. कुणी कुणाचा चेहरा पाहिलेला नव्हता. दाट धुक्यात नुसते ओळखीचे आवाज ऐकू यावेत, तसं ते गाव होतं.

सगळं गाव मिळून एकच काम करत होतं. 'बोलका' नावाचा एक प्रोग्रॅम घडवत होतं. पुस्तकाच्या पानाचा नाहीतर हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो काढावा, की बोलका तो मोठ्याने वाचून दाखवी. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी तो होता. तो फुकट होता, सगळ्यांचा होता, आणि त्यात सुधारणा करायला कुणालाही मुभा होती.

पण दहा हात एका पातेल्यात पडले की मीठ दहादा पडतं. म्हणून गावाने वेशीवर एक पहारेकरी बसवला होता. तो हाडामासाचा नव्हता, तोही एक प्रोग्रॅमच. कुणी सुधारणेचा नवा तुकडा आणला की पहारेकरी तो बोलक्याला जोडून बघायचा आणि त्याच्याकडून नमुन्याची नऊशे पानं वाचून घ्यायचा. सगळं नीट ऐकू आलं तर हिरवा दिवा. नाहीतर तांबडा, आणि त्याखाली एक चिठ्ठी: कुठल्या पानावर काय बिघडलं.

व्यवस्था चांगली होती. फक्त पहारेकरी म्हातारा झाला होता. नऊशे पानं वाचून घ्यायला त्याला दोन तास लागत. त्यातली काही पानं दूरच्या एका यंत्रावर ठेवलेली. ती वेळेवर आली नाहीत की तो बसल्या जागी तांबडा दिवा लावून मोकळा व्हायचा. तुकड्यात काही खोट नसायची. मग लोक 'पुन्हा'चं बटण दाबत. दोनदा दाबलं, तीनदा दाबलं, की कधीतरी हिरवा लागायचाच. रोज मरे त्याला कोण रडे? चिठ्ठी वाचणं गावाने केव्हाच सोडून दिलं होतं.

"पहारेकऱ्याला एकदा नीट बघायला हवं," असं सुमेधा दर महिन्याला म्हणायची. आणि दर महिन्याला काहीतरी नवं, गोजिरवाणं काम पुढे यायचं. नव्याचं कौतुक होतं. डागडुजीला कोण टाळ्या वाजवतं?

एके दिवशी उदगीरची निलोफर आपला पहिलाच तुकडा घेऊन वेशीपाशी आली. तिचं म्हणणं साधं होतं. बोलका पानाच्या तळाचा आकडाही वाचतो. "आणि राजकन्या म्हणाली, सत्तावन्न," असं ऐकून गोष्टीचा विचका होतो. म्हणून तिने बोलक्याला तळाची ओळ गाळायला शिकवलं होतं. गाव हसलं, खूश झालं.

पहारेकऱ्याने तांबडा दिवा लावला. सुमेधाने 'पुन्हा' दाबलं. पुन्हा तांबडा. तिसऱ्यांदाही तांबडाच.

'पोरीचा पहिला तुकडा, उगाच हिरमोड नको,' असं सुमेधाला वाटलं. तिने किल्ली काढली आणि वेस हाताने उघडली. तुकडा आत गेला. सगळ्यांनी निलोफरला शाबासकी दिली, आणि सुमेधाला स्वतःचंच फार बरं वाटलं.

महिन्याभराने भुसावळहून एक निरोप आला. अंबूताई नावाच्या संगीतशिक्षिका होत्या, निवृत्त झालेल्या, जन्मापासून दृष्टी नसलेल्या. त्यांनी लिहिलं होतं:

"माझी मैत्रीण कमल मुलाकडे परदेशी कायमची निघाली. तिचं पत्र आलं. तुमच्या बोलक्याने वाचलं, मी मन लावून ऐकलं. पण पहिल्या पानाची शेवटची ओळ त्याने गाळली. कमलने नंतर फोनवर सांगितलं, त्या ओळीत होतं, 'गुरुवारी नवाच्या गाडीने जातेय, स्टेशनवर येशील ना?' कमल दहा मिनिटं गाडीच्या दारात उभी राहून मला शोधत होती. मी घरी भाजी निवडत होते. आता कुठलंही पत्र ऐकलं की वाटतं, यातलं काय राहून गेलं असेल? मी बोलका बंद केला आहे. रागावले नाही. भीती वाटते."

निरोप सगळ्या गावाने वाचला. मग एकेक आवाज उठला. हाताने लिहिलेल्या पत्राच्या तळाशी आकडा नसतो, तिथे शब्द असतात, एवढं कळू नये? मालवणचे भास्करदादा तर उसळलेच. "नव्या माणसांका वेशीतून घेतल्यार ह्याच व्हतला!"

"चूक माझीच आहे," निलोफर म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मी जाते गावातून."

सुमेधाने वेशीची नोंद उघडली. त्या दिवशीच्या तिन्ही तांबड्या दिव्यांखाली तीन चिठ्ठ्या होत्या. तिन्हींवर एकच मजकूर होता. "पान सहाशे बारा. हाताने लिहिलेलं पत्र. शेवटची ओळ ऐकू आली नाही." आणि त्याखाली: "वेस हाताने उघडली. सुमेधा."

नोंद सगळ्यांना खुली होती, पण ती उघडून बघणारं कुणी नव्हतं. सुमेधा गप्प बसली असती तर खापर आयतंच निलोफरच्या डोक्यावर फुटलं असतं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेपेक्षा जास्त भीती वाटली. मग तिला भुसावळचा फलाट दिसू लागला, गाडीच्या दारात उभी राहून गर्दीत शोधणारी एक बाई दिसू लागली.

"निलोफर, थांब," ती म्हणाली. "चूक तुझ्या हातून झाली. चूक कुणाच्याही हातून होते, म्हणून तर पहारेकरी बसवलाय. त्याने तीनदा सांगितलं. मी एकदाही वाचलं नाही. वेस मी उघडली."

मग एकेकाने ती नोंद उघडून चिठ्ठ्या वाचल्या.

"आमी तरी खंय वाचतंव?" भास्करदादा हळूच म्हणाले.

त्यानंतर एक महिना गावात नवं काहीही घेतलं गेलं नाही. सगळे वेशीपाशी बसून पहारेकऱ्याची डागडुजी करत राहिले. निलोफरने आधी आपला तुकडा सुधारला. मग दूरच्या यंत्रावरची पानं एकेक करून वेशीच्या आत आणली, त्यामुळे उगीच लागणारा तांबडा दिवा थांबला. भास्करदादांनी नऊशे पानं एकाच वेळी अनेक यंत्रांवर वाटून दिली, तशी दोन तासांची तपासणी चहा उकळेपर्यंत होऊ लागली. ज्याला हवं त्याला पहारेकऱ्याची प्रत आपल्या घरी नेऊन तुकडा आधीच पारखता येऊ लागला. आणि सुमेधाने आपली किल्ली गावाच्या स्वाधीन केली. दोघांनी चिठ्ठी मोठ्याने वाचल्याशिवाय किल्ली आता कुणालाच मिळत नसे.

सुधारलेला बोलका अंबूताईंना पाठवला. सोबत सुमेधाने झाला प्रकार जसाच्या तसा लिहिला, स्वतःचं नाव न लपवता.

आठ दिवसांनी उत्तर आलं. त्यात कमलच्या पत्राच्या पहिल्या पानाचा फोटो होता, आणि खाली दोन ओळी. "आज ती ओळ ऐकली. हे पान तुमच्या पहारेकऱ्याजवळ ठेवा."

तेव्हापासून कुणीही नवा तुकडा घेऊन आलं, की पहारेकरी सगळ्यांत आधी तेच पान वाचून घेतो. धुक्यातले सगळे आवाज थांबतात. सुमेधाही हातातलं काम ठेवून ऐकते. "गुरुवारी नवाच्या गाडीने जातेय, स्टेशनवर येशील ना?" एवढं स्पष्ट ऐकू आलं, की मगच पुढचं पान.

तात्पर्य: उगीच ओरडणाऱ्या पहारेकऱ्याला वेळीच नीट करावं, नाहीतर खऱ्या हाकेकडेही कानाडोळा करायची सवय लागते, आणि तिची झळ आपल्याला नाही, आपल्यावर विसंबलेल्या माणसाला बसते.