सोडलेल्या वस्तूंची यादी

विषय : संन्यासदीक्षा मिळणेबाबत.
अर्जदार : दिगंबर उंब्रजकर, निवृत्त मुख्याध्यापक.
संदर्भ : अर्जदाराची तीन स्मरणपत्रे.

"महाराज, आता आणखी काय सोडू?"

हा प्रश्न उंब्रजकरांनी मठात नव्हे, तालुक्याच्या दवाखान्यात विचारला. अमृतगिरी महाराजांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा, चार-चार तास, ते डायलिसिसच्या यंत्राला जोडलेले असत. अर्जदारांना टाळण्याची सोय राहिली नव्हती.

"काय काय सोडलंस?"

उंब्रजकरांनी यादी आणली होती. टंकलिखित, दोन प्रतींत.

"घर. घड्याळ. चहा. मीठ."

"मीठ मीही सोडलं. डॉक्टरांनी दीक्षा दिली. पुढे?"

"मुलगी दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्या पाठवते. पाकीट न फोडता परत करतो. देहाचे लाड पुरे झाले."

महाराज छताकडे पाहत राहिले…

"चांगली मूत्रपिंडं दिवसाला दहा-बारा घागरी पाणी गाळतात म्हणे. मीठ, साखर, सगळं त्यातून सोडून देतात. शरीराबाहेर किती पडत असेल?"

"दहा-बारा घागरी."

"दीड तांब्या."

"आणि बाकीचं?"

"परत घेतात."

उंब्रजकर हसले. वर्गात चुकीचं उत्तर आलं की हसत, तसे.

"परत घेतलं तर त्याग कसला, महाराज?"

"मीही हेच म्हणालो होतो."

"कोणाला?"

"डॉक्टरांना. तुझ्या वयाचा होतो. रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या होत्या. ते म्हणाले, परत सुरू करा, नाहीतर मूत्रपिंडं जातील…"

यंत्र घरघरत होतं. एका नळीतून महाराजांचं रक्त बाहेर जात होतं, दुसरीतून तेच परत येत होतं. महाराजांनी मोकळ्या हाताने उंब्रजकरांची बोटं धरली आणि परत येणाऱ्या नळीवर ठेवली.

नळी कोमट होती.

यादी मांडीवरून घसरून पलंगाखाली गेली. दोन्ही प्रती. उंब्रजकर वाकले नाहीत.

"मग… अर्जाचं काय समजू, महाराज?"

महाराजांनी थकून डोळे मिटले.

"पुढचं पाकीट कधी येतं?"

अर्ज अद्याप प्रलंबित आहे.