डोलीवाला धाकू

त्या दिवशी सकाळी गवरा अंगणात नाचणी झोडत होती. ऊन रोजच्यासारखं होतं. म्हशी रोजच्या वेळी रानात गेल्या होत्या. धाकटी पोर केस मोकळे सोडून दारात बसली होती, कारण तिला आईची वेणी चालत नसे, बापाचीच लागे. आणि बाप डोलीबरोबर घाट उतरून गेला होता.

तेवढ्यात बमूतात्या चढ चढून आला. वाडीतला हा म्हातारा डोलीला खांदा देण्याच्या वयाचा राहिला नव्हता, म्हणून निरोप घेऊन पुढे यायचं काम त्याच्याकडे असे.

"बाई सुटली का, तात्या?" गवरेनं विचारलं.

"सुटली. मुलगा झाला. दोघंबी बरी हायत."

गवरा पुन्हा झोडायला लागली. एरवी तात्या निरोप सांगून ताक मागायचा, ताक पातळ आहे म्हणून कुरकुरायचा आणि पुढच्या घरी जायचा. आज तो हलेना.

"मग उभे का?"

तात्यानं डोक्याचं मुंडासं काढलं आणि तो खाली बसला. गवरेनं हातातली काठी बाजूला ठेवली.

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. तेव्हा त्या डोंगरावर रस्ता नव्हता. वाडी वर, वैदू आणि सुईण खाली नदीकाठच्या गावात, आणि मधे उभा घाट. कुणाला साप चावला, कुणी बाई अडली, की एका लांब बांबूला घोंगडी बांधायची, त्या झोळीत माणूस निजवायचं आणि उतरायचं. हीच डोली. दोघं खांदा देत, बाकीचे बरोबर चालत. दमलेल्यानं आपल्या मनानंच खांदा काढला तर डोली हेलकावे खाते आणि आतलं माणूस दरीत जातं. म्हणून खांदा बदलायचा तो एकाच माणसाच्या हाकेवर. हाक आल्याशिवाय बदलायचा नाही, आणि नदी येईपर्यंत डोली भुईला टेकवायची नाही. ती हाक गवरेच्या नवऱ्याची, धाकूची होती.

धाकू बाजूनं चालायचा आणि वाहणाऱ्यांचा श्वास ऐकायचा. दमलोय हे माणसाला स्वतःला कळायच्या आधी तो "खांदा!" म्हणायचा. असं म्हणतात, की धुक्यात हात दिसत नसे तेव्हा त्याच्या हाकेनं वाटेपुरतं धुकं बाजूला सरे. असं म्हणतात, की एकदा वाटेत वाघ आडवा बसला होता, तो हाक ऐकून उठला आणि डोली पुढे जाईपर्यंत कपारीला अंग चोरून उभा राहिला. गवरेला धाकूनं घरी येऊन सांगितलं होतं, की ते कुणाचं तरी चुकलेलं तांबडं वासरू होतं. पण वाडीनं वाघ केला, आणि गवरेनं तो राहू दिला.

घरी हा माणूस मऊ होता. तिन्ही मुलींच्या वेण्या तोच घालायचा, आणि डोलीच्या दोराला देतो तसा पीळ देऊन घालायचा. गडी हसायचे. धाकूच्या पोरींच्या वेण्या सोडवायला कोयता लागतो, म्हणायचे. तोही हसायचा. मुली जेवल्याशिवाय जेवायचा नाही. पण दारात कुणी धापा टाकत आलं, की ताटावरून उठायचा.

पुढे पुढे चढावर त्याच्या छातीत कळ यायला लागली. त्यानं कुणाला सांगितलं नाही. गवरेला न सांगता कळलं, कारण त्याचा श्वास ऐकणारं घरात तेवढंच एक माणूस होतं. त्या शेवटच्या खेपेआधी तिनं त्याला उंबऱ्यात अडवलं होतं.

"वाडीत खांदे पुष्कळ हायत," ती म्हणाली. "माझ्याकडं एकच हाय."

"खांदे हायत गं. हाक कुणी द्यायची?"

"कोंडूला शिकवा."

कोंडू हा त्याच्या चुलत्याचा मुलगा, अंगानं दणकट. त्याला या खेपेला शिकवतो आणि मग घरी बसतो, असं धाकू कबूल झाला. तिनं वाट सोडली.

बाईला सुईणीच्या हवाली करून गडी माघारी चढत होते. डोली रिकामी होती. निम्म्या घाटात, जांभळीच्या वळणावर, धाकू म्हणाला, "जरा टेकतो." त्याच्या तोंडी हा शब्द कुणी कधी ऐकला नव्हता. तो जांभळीला पाठ लावून बसला, आणि उठलाच नाही.

मग त्याच डोलीत त्याला निजवलं. कोंडूनं पुढून खांदा दिला, एकानं मागून. चढ सुरू झाला आणि हाक आली नाही. बाकीचे बाजूनं रिकाम्या खांद्यांनी चालत होते, पण कुणाच्या मनात आलं नाही, की आज आपणच हाक द्यावी. सवयच तशी होती. त्या दोघांनी खांदा न बदलता अख्खा घाट चढून त्याला दारात आणलं. असं म्हणतात, त्या दिवशी डोलीला वजनच नव्हतं.

त्या रात्री कोंडूच्या खांद्याला कोमट तेल गवरेनंच लावलं. कातडं सोलून निघालं होतं.

महिना उलटला नसेल, तोच एका म्हाताऱ्याला न्यायची वेळ आली. डोली बांधली, गडी जमले, पण बांबूला कुणी हात लावेना. हाकेवाचून उतरायचं कसं? शेवटी कोंडू गवरेच्या दारात आला. ती भांडी घासत होती.

"वहिनी," तो खाली बघत म्हणाला, "दादाला न्यायला आलोय, हाक द्यायला."

गवरेनं हातातलं भांडं खाली ठेवलं. तिला फार दमल्यासारखं वाटत होतं. नाही म्हणायलाही काहीतरी बळ लागतं.

"न्या," ती म्हणाली.

असं म्हणतात, त्या दिवशी जांभळीच्या वळणावर हाक आली. प्रत्येकाला वाटलं, शेजारच्यानं दिली. खांदे बदलले, डोली हलली नाही, म्हातारा नदीला पोचला आणि पुढे बरीच वर्षं जगला.

तेव्हापासून वाडीत रीत पडली. आता घाटात रस्ता आहे आणि माणूस जीपमधून जातं. तरी आजारी माणसाला नेताना जीप त्या घरापुढे थांबते. कुणीतरी उतरून म्हणतं, "धाकूला नेतो." आतून कुणीतरी म्हणतं, "न्या." मग गाडी पुढे जाते.

गवरा होती तोवर हे उत्तर तीच देत असे. उत्तर देऊन झालं, की हातातलं काम टाकून उंबऱ्यात बसायची, ती माणसं परत येईपर्यंत. माणसं यायची. हा वाचला, ही सुटली, असं मोठ्यानं सांगत तिच्या दारावरून जायची आणि आपापल्या घरी जेवायला बसायची. मग ती उठून आत जायची.

न्यायला सगळे आले. पण परत आल्यावर तिच्या दारात थांबून, "वहिनी, दादाला परत आणलं," असं तिला कुणी एकदाही सांगितलं नाही.