बोरीच्या पेटीचे झाकण

त्या राज्यात वर्षाचे पाच महिने कडाक्याची थंडी असे आणि ससे बाराही महिने उघड्यावर राहत. डोंगराच्या उतारावर लाकडी पेट्यांची लांबच लांब रांग होती. पेट्या कोणी बांधल्या हे कोणाला आठवत नव्हते. बापजाद्यांच्या आहेत एवढे सांगून सगळे मोकळे होत. प्रत्येक पेटीला पुढून एक लहानसे भोक होते. ती आईची वाट. वर एक झाकण होते, ते बाकीच्यांसाठी. आईच्या वाटेत दुसऱ्या कोणी तोंड घालणे असभ्यपणाचे समजत, आणि ते ससे फार सभ्य होते.

दिवस भरत आले की ससीण पेटीत वाळले गवत कोंबायची, वाऱ्याच्या बाजूला गोणपाट लावायची आणि छातीवरचे केस स्वतःच्या दातांनी उपटून गवतावर पसरायची. पिल्ले उघडी आणि आंधळी जन्मत. एकमेकांच्या अंगावर चढून ती त्या केसांत बुडून राहत. आई सकाळी एकदा आत जाई, संध्याकाळी एकदा जाई, पाजून बाहेर येई. यापलीकडे त्या कामात काही नव्हते.

फार पूर्वी एका हिवाळ्यात कोणा ससिणीची सगळी पिल्ले गारठून मेली आणि तीन दिवस कोणाला पत्ता लागला नाही. राज्याला या गोष्टीची फार लाज वाटली. पिल्ले मेली याची नव्हे. पिल्ले काय, मरतच असतात. कळले नाही, याची लाज वाटली. म्हणून ऊबखाते निघाले. तेव्हापासून त्या राज्यात एकही पिल्लू कोणाला न कळता मेलेले नाही.

खात्याची पद्धत सोपी होती. तपासनीस येई, झाकण उघडी, केस बाजूला सारी आणि बर्फातून चालत आलेला आपला उजवा पंजा पिल्लांच्या ढिगावर ठेवून डोळे मिटून उभा राही. घाई करणे नियमात बसत नसे. मग तो ‘ऊब आहे’ किंवा ‘गारवा आहे’ असे मोठ्याने सांगून झाकण लावी. ऊब असलेल्या पेटीची तपासणी दिवसातून एकदा होई. जिथे गारवा आढळे तिथे ती दोनदा होई, तरीही गारवा असला तर चारदा, आणि त्यानंतर आठदा. त्यापुढे सहसा जावे लागत नसे.

बोरी नावाच्या ससिणीच्या भागाचे तपासनीस तुटकाने अण्णा होते. त्यांच्या डाव्या कानाचे टोक एका हिवाळ्यात तपासणी करतानाच गळून पडले होते. ते त्याविषयी कधी बोलत नसत, पण बसताना तो कान लोकांच्या बाजूला येईल असे बसत. माणूस म्हणावा असा भला ससा. मेलेल्या प्रत्येक पिल्लासाठी ते रडत, आणि ते रडणे खोटे नव्हते.

बोरीची पहिल्या हिवाळ्यातली सहा पिल्ले चौथ्या दिवशी गेली. दुसऱ्या हिवाळ्यातल्या पाचांपैकी एक नवव्या दिवसापर्यंत टिकले. त्या दिवशी सकाळी तिने त्याला पाजले तेव्हा ते चांगले कढत होते. अण्णा येऊन गेल्यावर तिने त्याच्या अंगाला गाल लावला, तर ते गार लागले. संध्याकाळपर्यंत त्याला वाचवायला ती स्वतः त्याच्यावर बसून राहिली, पण झाकण आणखी सात वेळा उघडले. त्यानंतर कितीतरी दिवस तिला गवत गोड लागले नाही.

तिने अण्णांना गाठून सांगितले, “अण्णा, राग मानू नका. पण झाकण उघडलं की ऊब निघून जाते हो.”

अण्णांनी शांतपणे ऐकून घेतले. “बरं झालं बोललीस, ताई. बाकीच्या जणी मनात ठेवतात.” आणि त्यांनी खात्याला कळवले की या भागातून ऊब निघून जात असल्याची एका आईची तक्रार आहे. खात्याने तत्परतेने त्या भागातल्या सगळ्या तपासण्या दुप्पट केल्या.

शेजारच्या पेटीतली धुरी नंतर आठवडाभर बोरीशी बोलली नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात बोरीचे दिवस पुन्हा भरत आले. या खेपेला तिने कोणाला काही सांगितले नाही. गवत कोंबून झाले, गोणपाट लावून झाले, छाती लाल होईपर्यंत केस उपटून झाले. मग संध्याकाळी ती झऱ्यावर गेली, तोंडात पाणी धरून आली आणि झाकणाच्या फटीवर ते सोडले. असे तिने बारा-तेरा वेळा केले. तिचे ओठ फुटले. सूर्य मावळला तसे ते पाणी पांढरे झाले आणि झाकण पेटीला चिकटून बसले. पहाटे तिला सात पिल्ले झाली.

अण्णा सकाळी वेळेवर आले. झाकण हलेना. त्यांनी खांदा लावला, दात लावले, आणखी दोघांना बोलावले. शेवटी ते बाजूला झाले आणि हताशपणे बोरीकडे पाहत म्हणाले, “ताई, निसर्गापुढे खात्याचं काही चालत नाही.”

“नाही ना,” बोरी म्हणाली.

“आत काय परिस्थिती असेल, देव जाणे.”

“मी जाऊन येते की आत दोनदा.”

“ते आलंच,” अण्णा समजुतीने म्हणाले. “पण तू आई. तुझं पाहणं वेगळं.”

त्या दिवसापासून लोक बोरीचे सांत्वन करायला येऊ लागले. धुरीही आली. अजून काही झालेले नाही असे बोरी सांगे, तेव्हा ते एकमेकांकडे पाहून मान हलवत. अण्णा तर रोज पेटीला तुटका कान लावून बसत. आतून आवाज येत नसे. उबेत पडलेली पिल्ले ओरडत नाहीत, पण ही गोष्ट अण्णांना माहीत असण्याचे कारण नव्हते. त्यांनी झाकण उघडल्यावरचीच पिल्ले ऐकली होती. त्यांचे डोळे भरून येत. बोरीला त्यांची दया येई आणि खरे सांगून टाकावेसे वाटे. मग तिला गालाला लागलेले ते पिल्लू आठवे आणि संध्याकाळी ती पुन्हा झऱ्यावर जाई. एक दिवस ऊन कडक पडले आणि बर्फाला पाणी सुटले तेव्हा तिचा जीव टांगणीला लागला. ती त्या दिवशी तीनदा झऱ्यावर गेली.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी आईच्या वाटेतून एक पिल्लू बाहेर आले. मऊ केसांचे, उघड्या डोळ्यांचे, जरा चिडलेले. त्याच्या मागून दुसरे आले. सातवे बाहेर पडले तेव्हा सगळा उतार जमला होता. तुटकाने अण्णा तर लहान पोरासारखे रडले. बोरीलाही रडू आले. तीन हिवाळ्यांत पहिल्यांदाच दोघे एका गोष्टीसाठी रडत होते.

राज्याने सभा बोलावली. बोरीला उंच दगडावर बसवले आणि तिला तिचे रहस्य विचारले.

“झाकण उघडू नका,” बोरी म्हणाली. “एवढंच.”

सभेला ते पटले. विरोध करायला कोणी उठलेच नाही. खातेप्रमुखांनी सर्वांसमोर मान्य केले की आजवर खात्याचे चुकले, आणि बोरीच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. अण्णांनी स्वतः उठून ठराव मांडला: यापुढे राज्यातली सर्व झाकणे पाणी घालून गोठवावीत आणि या पद्धतीला बोरीचे नाव द्यावे. ठराव एकमताने संमत झाला. त्या रात्री बोरी शांत झोपली. ठरावाचे दुसरे कलम सकाळी वाचून दाखवले गेले आणि तेही एकमतानेच संमत झाले.

चौथ्या हिवाळ्यात रांगेतली सगळी झाकणे बर्फाने बंद झाली. पाणी घालायचे काम खात्यानेच केले, चोख केले. बोरीला ओठ फोडून घ्यावे लागले नाहीत. तिला सहा पिल्ले झाली. पिल्ले अजून ओलीच होती, एवढ्यात वरून कुरतडल्याचा आवाज आला. थोडा भुसा पिल्लांवर पडला आणि मग झाकणाच्या मधोमध एक वाटोळे भोक दिसू लागले, अगदी सुबक.

भोकातून वारा सरळ खाली आला. बोरीने छातीचे केस उपटले, त्यांचा बोळा केला आणि मागच्या पायांवर उभी राहून भोकात बसवला.

थोड्या वेळाने बाहेरून कोणीतरी तो बोळा दातांत धरून हळुवारपणे ओढून काढला. भोकाला एक डोळा लागला. डोळ्याशेजारी तुटका कान दिसत होता.

“बोरीताई,” अण्णांचा प्रेमळ आवाज गार वाऱ्याबरोबर आत आला, “काही काळजी करू नकोस. झाकण अगदी घट्ट बंद आहे. मी आता दर तासाला येऊन पाहून जाईन.”

डोळा बाजूला झाला. भोकातून आभाळ दिसू लागले. बोरीने मान खाली घालून छातीवर आणखी केस उरलेत का ते पाहिले.