थोरलीचा ठिपका

त्या मुलखात खरं काय ते नकाशा ठरवत असे. मोजणी झाली ती बैलांच्या आजोबांच्या काळात. शेतं, बांध, गाडीवाट, टेकडीचे चढउतार दाखवणाऱ्या तपकिरी रेषा असं सगळं नकाशाच्या अंगावर होतं, आणि पाण्यासाठी एकच निळा ठिपका होता. तो थोरल्या विहिरीचा. नकाशा सांभाळायला एक बगळा नेमलेला होता. त्याने वाचायचं आणि बैलांनी माना डोलवायच्या, असा रिवाज पडला होता.

पुढे थोरली आटली. बैलांनी उंबराखाली दुसरी विहीर खणली, ती धाकटी. तिला गोड पाणी लागलं, पण तिचा ठिपका कुठे होता? ठिपक्याबाहेरचं पाणी पिणं म्हणजे मुलखाशी बेइमानी. शेवटी बगळ्यानेच तोड काढली. धाकटीचं पाणी उपसायचं, थोरलीत ओतायचं आणि मग थोरलीतून काढून प्यायचं. बैल खूश झाले. तहानही भागत होती आणि इमानही राहत होतं.

थोरलीला मात्र लाज वाटे. "अहो, माझ्या तळाला भेग पडलीय," ती बगळ्याला म्हणाली. "ओतलेलं निम्मंही टिकत नाही माझ्यात. त्या पोरीचं पाणी असं वाया घालवू नका."

बगळ्याने नकाशा बारकाईने पाहिला. "भेग काही दिसत नाही," तो म्हणाला.

धाकटीची तक्रार नव्हती. "मलाही ठिपका मिळेल का हो? एवढासा?" एवढंच ती विचारायची. नव्या मोजणीत बघू, असं उत्तर मिळायचं आणि त्या वेड्या आशेवर ती खोलातून पाणी ओढून आणायची. एकदा एक म्हातारी गाय तहानेने थेट तिच्या काठाशी वाकली, तर तिच्याच पोटच्या बैलांनी तिला शिंगं लावून मागे लोटलं. वाईट वाटतं ते याचंच.

उन्हाळा लांबला. सांडलेल्या पाण्याने दोन विहिरींमधली वाट तेवढी हिरवी राहिली. मग घागरींत गाळ येऊ लागला, आणि एक दिवस थोरलीने हाक मारली तेव्हा धाकटीकडून ओ आली नाही.

नवी मोजणी त्यानंतर झाली. बगळ्याने वाजतगाजत नवा नकाशा उलगडला. उंबराखाली निळा ठिपका होता, शाई अजून वाळायची होती. बैलांनी माना डोलवल्या.

म्हातारी गाय गर्दीतून पुढे आली. यावेळी तिला कुणी अडवलं नाही. तिने मान खाली घातली आणि तो ठिपका चाटू लागली.