कोठारवाल्याचे नाव

त्या राज्यात कोठाराच्या आत काय चालते हे कोठारवाल्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हते, आणि कोठारवाल्यावर कुणाचाच विश्वास नव्हता.

कोठार टेकडीच्या पोटात होते. आत बांबूच्या नऊ मोठाल्या कणग्या. राज्यातले सगळे आपापले बी दारातल्या फटीतून आत सरकवत आणि लागेल तेव्हा त्याच फटीतून मागून घेत. कुणाचे बी कोणत्या कणगीत ठेवायचे, कधी एकीतून दुसरीत हलवायचे, हे सगळे आतला साळिंदर ठरवी. मागितलेले बी आजवर प्रत्येकाला मिळाले होते, पण तेवढ्याने कुणाचे समाधान होत नसे. जो इतका अंधारात बसतो तो काहीतरी लपवत असणारच, असे सर्वांचे म्हणणे होते. शिवाय तो चांगला जाडजूड होता आणि अंगावर काटे बाळगून होता. सज्जनाला काटे कशाला लागतात, असे सशाने एकदा विचारले आणि ते साऱ्यांना पटले.

सर्वांत जास्त संशय खारीला होता. तिच्या चारोळीच्या राईला वणवा लागून एकही झाड वाचले नव्हते. उरले होते ते दोन ओंजळी बी, आणि ते कोठारात होते. ते पेरले गेले तर राई पुन्हा उभी राहणार होती, नाहीतर त्या राज्यातून चारोळी कायमची जाणार होती. त्या बियांच्या काळजीने खारीच्या घशाखाली घास उतरत नसे. ती रोज चौथऱ्यासमोर जाऊन तक्रार करी.

चौथऱ्यावर बसून कासव राज्य चालवी. ते स्वतः हलत नसे, पण त्याच्या हुकमावाचून राज्यात पानही हलत नसे. खारीच्या तक्रारींना कंटाळून अखेर त्याने कोठाराच्या भिंतीला खिडक्या पाडायला लावल्या. प्रत्येक खिडकी तळहाताएवढी, आणि प्रत्येकीवर एक प्रश्न कोरलेला. कुणी डोकावले की साळिंदराने त्याच क्षणी पाटीवर उत्तर लिहून समोर धरायचे. एका खिडकीत एकच उत्तर. विचारले नसेल ते सांगायचे नाही, कारण त्यातून बाहेरच्या कुणाशी संगनमत व्हायचे. खारीने आणखी एक नियम मागून घेतला, की खिडकीत कुणीही हात घालायचा नाही. तोही मान्य झाला.

प्रश्न काढायचे काम मुंगसाकडे आले. मुंगूस कोठारात कधी गेला नव्हता, म्हणून त्याने बाहेर फिरून प्रश्न गोळा केले, आणि बाहेरच्यांना चोरीपलीकडचे काही सुचले नाही. कणग्या किती. भरलेल्या किती. दाराला अडसर आहे का. शेवटचे आत कोण आले. कोठारवाल्याचे वजन किती, हा प्रश्न सशाचा होता. आणि कोठारवाल्याचे नाव काय, म्हणजे आत भलताच कुणी येऊन बसला तर लगेच कळावे. प्रत्येक प्रश्नाचे बरोबर उत्तर मुंगसाने आपल्या यादीत लिहून ठेवले.

खार रोज सकाळी सगळ्या खिडक्यांतून डोकावू लागली. नऊ. नऊ. आहे. कुणी नाही. वजन होते तेवढेच. साळिंदर. उत्तरे बरोबर येत गेली तसा तिचा संशय वाढत गेला. रोजच्या रोज कुणाचे इतके बरोबर असते का, असे ती भेटेल त्याला विचारी.

मग एके दिवशी नावाच्या खिडकीत पाटीवर शब्द आला, ‘ओल’. खारीने पुन्हा डोकावले, तर पाटी पुसून पुन्हा तेच. वजनाच्या खिडकीत होते ‘तिसरी कणगी’. शेवटचे आत कोण आले, त्या खिडकीत ‘पाणी’.

खारीला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. इतक्या दिवसांनी तो सापडला होता. ती धावत मुंगसाकडे गेली. मुंगसाने यादी घेऊन खिडक्या तपासल्या. पाणी हे कुणाचे नाव नव्हे आणि तिसरी कणगी हे काही वजन नव्हे, असे त्याने जाहीर केले. चुकीच्या खिडकीतले उत्तर हे उत्तरच नसते, असेही तो म्हणाला.

साळिंदराला चौथऱ्यासमोर आणले. उजेडाची सवय नसल्याने तो डोळे मिचकावत उभा राहिला.

“तुझं नाव काय?” मुंगसाने विचारले.

“साळिंदर. पण नावाचं राहू द्या, महाराज. तिसऱ्या कणगीखाली झरा फुटलाय. बाकीच्या काठोकाठ भरल्यात, बी हलवायला जागा नाही. सगळं बाहेर उन्हात काढायला हवं.” मग तो खारीकडे वळला. “चारोळी तिसरीतच आहे, ताई.”

क्षणभर खारीला वाटले, आत्ताच्या आत्ता धावत जावे. पण इतक्या दिवसांचा संशय एका क्षणात जात नाही.

“बी बाहेर का काढायला हवं?” ती म्हणाली. “माझ्या बियांची भीती घालून हा सगळ्यांचं बी उघड्यावर आणतोय.”

ते साऱ्यांना पटले. साळिंदराने आपले नाव कबूल केले होते, म्हणजे खिडकीत तो खोटे लिहीत होता हेही आपोआप कबूल झाले. कासवाने मान आत घेतली, आणि साळिंदराला टेकडीपलीकडे हाकलून देण्यात आले.

त्याच्या जागी ससा आला. तो हलका होता आणि त्याला काटे नव्हते. मुंगसाने यादीत नाव आणि वजन बदलले, आणि चूक होऊ नये म्हणून यादीची एक प्रत सशाला आतच देऊन ठेवली. ससा खिडक्यांपाशी बसून राही. उत्तरे हाताशी असल्याने कणग्यांकडे जायची त्याला गरज पडत नसे. सगळ्या खिडक्यांत सगळे बरोबर येऊ लागले. कितीतरी दिवसांनी खार पोटभर जेवली आणि गाढ झोपली.

पेरणीला आठवडा उरला असताना ती बियांची आठवण करून द्यायला कोठाराकडे गेली. भरलेल्या कणग्यांच्या खिडकीत पाटी होती, पाटीवर ‘नऊ’ होते, आणि पाटीच्या बाजूने एक फिकट, लांबुडका कोंब उजेडाकडे मान काढून बाहेर आला होता. त्याला दोन पाने होती. ती पाने खारीने लहानपणापासून पाहिली होती. कोंबामागे आतल्या अंधारात आणखी कितीतरी पांढुरके कोंब एकमेकांत गुंतून खिडकीकडे झुकले होते. काही काळे पडून लोळले होते. कुजका वास येत होता.

तिने हात पुढे केला आणि तिथेच थांबवला. नियम तिनेच मागून घेतलेला होता. तिने सशाला हाक मारली. सशाने पाटी पुसून पुन्हा ‘नऊ’ लिहिले.

खारीने मुंगसाला ओढत आणले. आतले काही अजून जिवंत होते, आजच्या आज मातीत गेले तर जगले असते.

“दार उघडा,” ती म्हणाली. “सगळं बाहेर काढायला हवं.”

मुंगसाने यादी उघडली. एकेक खिडकी सावकाश तपासली. सगळी उत्तरे बरोबर होती. मग त्याने डोळे बारीक करून खारीकडे पाहिले. इतक्या वर्षांच्या ओळखीत त्याने तिच्याकडे असे कधी पाहिले नव्हते.

“बी बाहेर का काढायला हवं?” त्याने विचारले. आणि यादीचे कोरे पान काढून पुढे म्हणाला, “तुझं नाव काय?”

खारीने खिडकीतल्या कोंबाकडे पाहिले.

“ओल,” ती म्हणाली.

मुंगसाने ते नीट अक्षरात लिहून घेतले.